गाव जाळणारा ड्रॅगन: रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रॅगनबद्दल मला येणारे निम्मे प्रश्न एकाच प्रसंगाभोवती फिरतात. जमिनीवर मोठी सावली पडते, वरून आग उतरते आणि गाव उरत नाही. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे मागून. टेबलवर फासे टाकून खेळणारे आणि कॉम्प्युटरवर खेळणारे असे दोघेही विचारतात, म्हणून उदाहरणंही दोन्हीकडची आहेत. प्र. ३ पासून पुढे अनेक गेमचे शेवट उघड केले आहेत, तेवढं सांभाळून वाचा.

१. विध्वंसक ड्रॅगन म्हणजे नेमका कोणता? गुहेत खजिन्यावर बसलेला यात धरायचा का?

गुहेतला ड्रॅगन तुमची वाट बघतो. तुम्ही गेलाच नाहीत तर तो कुणाचं काही बिघडवत नाही. विध्वंसक ड्रॅगन मात्र स्वतः चालून येतो. माझी कसोटी अशी: ड्रॅगन येऊन गेल्यावर नकाशा बदलावा लागतो का? गावाच्या नावावर काट मारावी लागली, रस्ता वळवावा लागला, राजधानी हलवावी लागली, तर तो या पानावरचा ड्रॅगन. गुहेतला ड्रॅगनही असा होऊ शकतो. त्याला कुणीतरी उठवावं लागतं, आणि या मोटिफचा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या कल्पनेचा) उगमच तिथे आहे (प्र. २).

२. ही कल्पना गेममध्ये आली कुठून?

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातला ड्रॅगन तीनशे वर्षं खजिना राखत पडलेला असतो. एक माणूस त्यातला एकच पेला चोरतो. ड्रॅगन जागा होतो, रात्री बाहेर पडून वस्त्या जाळतो, राजाचा वाडाही जाळतो. म्हातारा राजा त्याला मारतो आणि त्याच झुंजीत जखमी होऊन मरतो. खजिना, चोरी, आग आणि जिंकणाऱ्याने मोजलेली किंमत हे चारही दुवे आजच्या गेममध्ये जसेच्या तसे सापडतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलवरचा गेम १९७४ मध्ये आला तेव्हा त्यात सहा जातींचे ड्रॅगन होते: पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी. मात्र त्या सुरुवातीच्या नियमांत ड्रॅगनला जेरीस आणून ताब्यात घेता येत असे आणि विकताही येत असे. म्हणजे तो संकटाइतकाच शिकारीचा मालही होता. अख्खं जग ड्रॅगनच्या युद्धात होरपळतंय ही मांडणी या गेममध्ये ठळक झाली ती १९८४ च्या 'ड्रॅगनलान्स' या कथामालिकेपासून. १९८६ मध्ये जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. त्यातला खलनायक ड्रॅगनलॉर्ड, आणि तिथून हा साचा कन्सोलवर रुजला.

३. एवढे गेम गाव जाळूनच का सुरू होतात?

कारण त्या एका प्रसंगात तीन कामं उरकतात. शत्रू किती मोठा आहे ते कळतं, परतायला घर उरत नाही म्हणून प्रवास सुरू होतो, आणि खेळाडू अजून किती कच्चा आहे हेही दिसतं.

'स्कायरिम' (२०११) मध्ये तुमचं डोकं वधस्तंभावर ठेवलेलं असताना अल्डुइन हा ड्रॅगन हेलगेनवर उतरतो. त्या गावाचा शेवट होतो आणि त्याच गोंधळात तुमचा जीव वाचतो. 'ड्रॅगन्स डॉग्मा' (२०१२) मध्ये ड्रॅगन कसार्डिस या कोळ्यांच्या गावावर येतो, त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याचं हृदय काढून गिळतो, आणि ते परत मिळवायला तुम्ही घर सोडता. २०१४ च्या 'होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन' या टेबलवरच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेत) तर खेळाडू ग्रीनेस्ट गावाजवळ पोचतात तेव्हा ते आधीच पेटलेलं असतं.

या तिघांत मला कसार्डिस सगळ्यात जवळचं वाटतं. ड्रॅगन येण्याआधी आपण त्या गावात थोडे फिरलेले असतो, माणसांशी बोललेले असतो. हेलगेनमध्ये आपण कैदी म्हणून येतो, तिथे आपलं कुणीच नसतं. प्रसंग भव्य आहे, पण तिथे भीती वाटते, दुःख होत नाही. हा फरक प्र. ७ मध्ये पुन्हा लागेल.

४. ड्रॅगन इतका ताकदवान आहे, तर पहिल्याच दृश्यात हिरोला मारून का टाकत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बरोबरच आहे. याला तीन प्रामाणिक उत्तरं असतात. एक, ड्रॅगनच्या लेखी तुम्ही कुणीच नाही. अल्डुइन हेलगेनमध्ये तुमच्यासाठी आलाय असं कुठेच जाणवत नाही. दोन, त्याचं मन त्या कामात नाही. ग्रीनेस्टवर घिरट्या घालणारा निळा ड्रॅगन लेनिथॉन दुसऱ्यांच्या सांगण्यावरून आलेला असतो, पुरेसा मार बसला की तो लढाई सोडून निघून जातो. तीन, त्याला तुम्ही जिवंतच हवे असता, आणि 'ड्रॅगन्स डॉग्मा'चा सगळा डोलारा याच उत्तरावर उभा आहे.

यांपैकी एकही उत्तर नसेल आणि ड्रॅगन नुसताच नेम चुकवत असेल, तर ते खेळाडूंच्या लगेच लक्षात येतं. मग पुढचा प्रत्येक हल्ला त्यांना लुटुपुटीचा वाटतो.

५. "तो दुष्ट आहे" एवढं कारण पुरत नाही का?

एका रात्रीच्या खेळाला पुरतं. महिनोन् महिने चालणाऱ्या कॅम्पेनला पुरत नाही.

गाजलेल्या ड्रॅगनकडे पाहा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधला डेथविंग मूळचा नेल्थारियन, पृथ्वीचा राखणदार. आतून कुजबुजणाऱ्या शक्तींनी त्याला वेडं केलं आणि ज्या भूमीची राखण करायची तीच त्याने फोडली. अल्डुइनला जगाचा शेवट करण्यासाठीच घडवलेलं आहे, त्याच्या बाबतीत वाद आहे तो वेळेचा आणि अहंकाराचा. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) मधला आर्चडेमन म्हणजे सडलेला, दूषित झालेला प्राचीन देव. एकाकडे वेड, दुसऱ्याकडे नियती, तिसऱ्याकडे रोग. आग तिघांचीही सारखी दिसते, पण तिच्याशी लढण्याची रीत प्रत्येक वेळी बदलते.

तुम्ही स्वतः गोष्ट रचत असाल तर कारण ड्रॅगनच्या तोंडून वदवू नका, राखेतून सापडू द्या. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: त्याने काय जाळलं नाही? गाव बेचिराख झालंय पण गुरांचा गोठा शाबूत आहे, म्हणजे तो भुकेला आहे आणि परत येणार. फक्त घंटा असलेली उंच इमारत पाडली आहे, म्हणजे त्या आवाजाशी त्याचं जुनं वैर आहे. सराफाचं घर उघडलंय पण पेटवलेलं नाही, म्हणजे तो काहीतरी शोधतोय. खेळाडू स्वतः हे जुळवतात तेव्हा ड्रॅगन समोर नसतानाही टेबलवर हजर असतो.

६. रंगावरून ड्रॅगनचा स्वभाव ठरतो का? लाल म्हणजे वाईट, सोनेरी म्हणजे चांगला?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये ढोबळमानाने हो. रंगांचे ड्रॅगन दुष्ट आणि धातूंचे ड्रॅगन भले, ही विभागणी १९७५ मध्ये पितळी, तांब्याचे, काशाचे आणि चंदेरी ड्रॅगन आले तेव्हा पक्की झाली. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये दुष्टांची राणी टिअॅमॅट आणि भल्यांचा राजा बहामुट अशी नावंही आली. (टिअॅमॅट हे नाव बॅबिलोनच्या पुराणकथेतल्या आदिम समुद्रदेवतेचं आहे, आणि बहामुट मुळात अरबी विश्वकल्पनेतला महाकाय मासा.)

रंगाचा खरा उपयोग वेगळा आहे. तो विध्वंसाची तऱ्हा ठरवतो. लाल ड्रॅगन आग ओकतो, निळा वीज, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू, पांढरा गारठा. हिरव्या ड्रॅगनने उद्ध्वस्त केलेल्या गावात सगळी घरं उभी असतात, फक्त माणसं नसतात. मला हे जळक्या गावापेक्षा जास्त अंगावर येतं.

बाकी गेमना हे रंग बांधील नाहीत. 'फायनल फँटसी १४'मध्ये बहामुटच जग उद्ध्वस्त करतो (प्र. ११). 'पाथफाइंडर'ने तर २०२३ पासूनच्या रिमास्टर आवृत्तीत रंग-धातूची विभागणी सोडून देऊन जादूच्या चार परंपरांवर आधारलेले नवे ड्रॅगन आणले.

७. मी गेम मास्टर (टेबलवर कथा चालवणारा) आहे. पहिल्याच सेशनमध्ये (बैठकीत) गाव जाळू का?

जाळू नका. निदान खेळाडूंना त्या गावातल्या तीन माणसांची नावं पाठ होईपर्यंत थांबा.

मी एकदा पहिल्या दहा मिनिटांत गाव पेटवलं होतं. वर्णन मेहनतीने लिहिलं होतं, आवाज चढवून वाचलं होतं. संपल्यावर पहिला प्रश्न आला, "ड्रॅगनचा खजिना कुठे असेल?" खेळाडूंचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना गमावण्यासारखं काही दिलंच नव्हतं. पुढच्या कॅम्पेनमध्ये सलग तीन सेशन एकाच गावात काढली. विहिरीवरून दोन घरांत भांडण होतं, ते खेळाडूंनी मिटवलं. एका नावाड्याकडून त्यांनी उधारीवर होडी घेतली होती. चौथ्या सेशनला ड्रॅगन आला. आग विझल्यावर एक जण म्हणाला, "त्या होडीचे पैसे द्यायचे राहिले." नंतर बराच वेळ कुणी फासे उचलले नाहीत.

पहिल्याच सेशनला हल्ला हवाच असेल, तर गावाला खेळाडूंच्या हातात द्या. प्रत्येकाला सांगा की या गावातलं एक माणूस आणि एक जागा तूच ठरव. पंधरा मिनिटांत गाव उभं राहतं, आणि ते त्यांचं असतं.

८. नियमांप्रमाणे एक ड्रॅगन खरंच अख्खं गाव जाळू शकतो का?

हिशेब करून बघू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अतिप्राचीन लाल ड्रॅगनची आग ९० फूट लांब शंकूच्या आकारात पसरते आणि सरासरी ९१ नुकसान करते. साध्या गावकऱ्याचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो ते मोजणारे गुण) असतात ४. त्याने बचावाचा फासा जिंकला तरी निम्मं नुकसान होतंच, म्हणजे ४५. त्या शंकूत सापडलेला गावकरी वाचत नाही.

पण शंकू व्यापतो साधारण ३७५ चौरस मीटर. एकदा आग ओकल्यावर ती पुन्हा मिळायला दर फेरीला सहा बाजूंच्या फाशावर ५ किंवा ६ पडावे लागतात, म्हणजे सरासरी तीन फेऱ्यांतून एकदा. फेरी सहा सेकंदांची. एका मिनिटात चारेक वेळा, म्हणजे सुमारे १,५०० चौरस मीटर, पंधरा गुंठ्यांच्या आसपास. गावाच्या मानाने हे थोडंच आहे.

म्हणून गाव ड्रॅगनच्या श्वासाने कमी आणि पसरणाऱ्या आगीने जास्त जळतं. वारा कुठून वाहतोय, छपरं गवताची आहेत की कौलांची, पाणी किती लांब आहे, हे आधी ठरवा. खेळाडूंच्या हातात तेवढंच असतं: ड्रॅगनला ते थांबवू शकत नाहीत, पण पुढची गल्ली वाचवू शकतात.

९. खेळाडू अजून पहिल्या लेव्हलला आहेत. ड्रॅगन आत्तापासून कसा आणायचा?

तो दिसायलाच हवा असं नाही. प्र. ८ मधल्या त्याच आवृत्तीत वयस्क आणि अतिप्राचीन ड्रॅगनच्या वास्तव्याचे परिणाम आसपासच्या भूमीवर होतात. लाल ड्रॅगनच्या गुहेपासून ६ मैलांपर्यंत छोटे भूकंप जाणवतात, १ मैलाच्या आतलं पाणी कोमट होऊन त्याला गंधकाचा वास येतो. काळ्या ड्रॅगनजवळचं पाणी नासतं आणि धुकं पसरतं. हाही विध्वंसच, फक्त संथ. गाव सोडून निघालेली कुटुंबं, वाढलेले धान्याचे भाव, रात्री दिवे न लावण्याचा हुकूम, ही सगळी पहिल्या लेव्हलची कामं आहेत. या जोडीला प्र. ५ मधला न जळालेल्या गोष्टींचा धागा सुरू करा.

१०. माझ्या पार्टीने (खेळाडूंच्या गटाने) ड्रॅगनला दोन फेऱ्यांत मारलं. काय चुकलं?

बहुतेक वेळा तो जमिनीवर उतरला आणि उतरलेलाच राहिला. उडू शकणारा, शतकानुशतकं जगलेला प्राणी तलवारींच्या टप्प्यात का उभा राहील? त्याला घिरट्या घालू द्या, आग परत मिळेपर्यंत लांब राहू द्या, हरतोय असं दिसलं तर पळूनही जाऊ द्या. पळालेला ड्रॅगन सहा महिन्यांनी दुसऱ्या गावावर येतो, आणि त्याला आता तुमचे चेहरे माहीत असतात.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८१ च्या 'बेसिक' नियमांतली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे आगीचं नुकसान ड्रॅगनच्या त्या क्षणी उरलेल्या हिट पॉइंटएवढं असायचं. त्यामुळे न दुखावलेला ड्रॅगन सगळ्यात भयंकर, आणि प्रत्येक घावासरशी आग मंदावणार. घरच्या नियमांत आणून बघा.

११. एकदा उद्ध्वस्त झालेलं जग खरोखर तसंच राहतं, असे गेम आहेत का?

आहेत, आणि ऑनलाइन गेममध्ये त्याचा परिणाम सगळ्यात खोल होतो, कारण तिथे हजारो लोकांची एकच जागा एकदम जाते.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये डेथविंगने अझरॉथ हे त्या गेममधलं जग फोडलं, त्यानंतर ७ डिसेंबरला 'कॅटॅक्लिझम' हा विस्तार आला. बॅरन्सचा विस्तीर्ण माळ दुभंगून दोन भाग झाले, थाउजंड नीडल्सची दरी पाण्याखाली गेली, स्टॉर्मविंड शहरातला बागेचा भाग नाहीसा झाला. लोकांनी तिथे वर्षं घालवली होती. जुनी भूमी कंपनीने अधिकृतपणे पुन्हा उघडली ती २०१९ च्या 'क्लासिक'मध्ये. डेथविंग एखाद्या प्रदेशावरून अचानक जायचा आणि तिथे असलेले सगळे खेळाडू जळून मरायचे. तसं मरणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंदही (अचीव्हमेंट) होती, आणि ती मिळावी म्हणून लोक मुद्दाम भटकत बसायचे. स्वतःहून आगीची वाट बघणारे खेळाडू मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये आठवत नाहीत.

'फायनल फँटसी १४'ची गोष्ट याहून वेगळी. २०१० चा मूळ गेम लोकांना पसंत पडला नव्हता. नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आल्यावर तो बंद करून नव्याने बांधायचं ठरलं. गेममध्ये आकाशातला डॅलमुड हा लाल चंद्र महिनोन् महिने जवळ येताना दिसत राहिला. ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद झाले. कथेत तो चंद्र फुटला, आत कोंडलेला बहामुट सुटला आणि त्याने एऑर्झिया हा गेममधला प्रदेश जाळला. २७ ऑगस्ट २०१३ ला 'अ रिअल्म रिबॉर्न' आला, कथेतली पाच वर्षं उलटलेली, भूमी जखमा घेऊन उभी. गेम बंद पडणं ही तांत्रिक घटना असते. तिला जगाच्या इतिहासातली आपत्ती करून टाकणं आणि वाचलेल्यांना नव्या जगात घेऊन जाणं, या मोटिफचा याहून हृद्य वापर मी पाहिलेला नाही.

१२. भले ड्रॅगन असतात, तर ते मध्ये का पडत नाहीत?

कारण द्यावंच लागतं, नाहीतर जग पोकळ वाटतं. 'ड्रॅगनलान्स'ने दिलेलं कारण कठोर आहे: दुष्टांनी भल्या ड्रॅगनची अंडी चोरून ओलीस ठेवली आणि युद्धात न उतरण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच अंड्यांतून ड्रकोनियन सैनिक घडवले जात होते. हे उघड झालं तेव्हाच शपथ गळून पडली.

१३. अशा ड्रॅगनशी बोलणं, तह करणं शक्य असतं का?

असतं, आणि बहुतेकदा तीच खरी परीक्षा असते. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये ड्रॅगनलॉर्ड अर्धं जग देऊ करतो. हो म्हटलं की खेळ तिथेच संपतो. 'ड्रॅगन्स डॉग्मा'मधला ड्रॅगन म्हणतो, तुझं प्रिय माणूस मला दे, मी निघून जातो, राज्य तुझं. तिथे गादीवर बसलेल्या ड्यूकने हाच सौदा केलेला असतो. 'शॅडोरन'मध्ये तर लोफ्विर हा ड्रॅगन सेडर-क्रुप या महाकाय कंपनीचा मालक आहे. गाव उजाड करायला त्याला आग लागत नाही, सही पुरते.

१४. आधी विध्वंस केलेल्या ड्रॅगनला माफ करावं का?

'स्कायरिम'मधला पार्थुर्नाक्स. एकेकाळी अल्डुइनचा उजवा हात, नंतर फिरला, माणसांना त्याने आवाजाची विद्या दिली, आणि शतकानुशतकं पर्वताच्या टोकावर स्वतःच्या स्वभावाशी झगडत बसला आहे. ब्लेड्स ही ड्रॅगन मारणाऱ्यांची जुनी संघटना. ते म्हणतात, त्याला मारा, नाहीतर आमची मदत विसरा. मी त्याला कधी मारलेलं नाही. पण ब्लेड्सचं म्हणणं खोटंही नाही. ज्यांचे पूर्वज ड्रॅगन आणि माणसांच्या जुन्या युद्धात जळाले, त्यांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार मला कुणी दिला? तुमच्या टेबलवर असा ड्रॅगन आणाल तर प्र. ७ मधल्या गावातला एक तरी वाचलेला माणूस त्या खोलीत हजर ठेवा.

१५. टेबलवरच्या एका खेळाडूला आगीचे प्रसंग सहन होत नाहीत. मग काय करायचं?

सुरुवात करण्याआधी सगळ्यांना विचारून घ्या आणि कारण सांगायची सक्ती करू नका. नंतर आग पडद्याआड ठेवा: लांबून दिसणारा धूर, सकाळी पोचल्यावरची शांतता. नाहीतर ड्रॅगनच बदला, रंग आहेतच (प्र. ६). एका माणसाच्या मनःस्थितीपुढे एका दृश्याची किंमत काही नाही.

१६. नाश होतो, पण ड्रॅगन समोर येतच नाही. असं असतं का?

'ड्रॅगन्स डॉग्मा २' (२०२४) मध्ये ड्रॅगन्सप्लेग नावाचा रोग आहे. तुमच्याबरोबर फिरणाऱ्या पॉनला (गेमच चालवत असलेल्या साथीदाराला) तो होतो. लक्षणं ओळखली नाहीत आणि तुम्ही वस्तीतल्या सरायीत झोपलात, तर सकाळपर्यंत त्या वस्तीतली जवळजवळ सगळी माणसं मेलेली असतात. तिथे तुम्हीच त्याला गावात घेऊन आलेले असता.

१७. ड्रॅगन मेला. पुढे काय?

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये आर्चडेमनवर शेवटचा घाव घालणारा ग्रे वॉर्डन (त्याच्याशी लढणाऱ्या पंथाचा योद्धा) मरतो, नाहीतर त्याआधी एक जोखमीचा विधी पत्करावा लागतो. 'ड्रॅगन्स डॉग्मा'मध्ये ड्रॅगन पडल्यावर राजधानीचाच काही भाग खचून खाली एक अथांग विवर उघडं पडतं. दोन्हीकडे मारण्याची किंमत आहे.

टेबलवर मी आणखी एक सेशन ठेवतो, लढाईशिवाय. पार्टी जळालेल्या गावात परत येते. कुणीतरी पहिलं छप्पर घालत असतं, कुणी जागेच्या हद्दीवरून वाद घालत असतं. खजिन्यातलं सोनं कुणाचं, खेळाडूंचं की ज्यांची घरं गेली त्यांचं, हा प्रश्न तिथे निघतोच. माझ्या त्या कॅम्पेनमध्ये नावाडी वाचला नव्हता. होडीचे पैसे त्यांनी त्याच्या बहिणीला शोधून दिले.